पत्रिकेवरचं एम.ए.

माझ्यासारख्यानं लिहावं असं काही नाही, माफ करा. पण आज क्रांती चौकात छापखान्यातला शाईचा वास आला आणि माझी लग्नपत्रिका आठवली.

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नुकताच बी.ए. झालो होतो, काकांनी मुलीकडं एम.ए. सांगून तेच छापलं.

"काका, एम.ए.ला अजून दोन वर्षं लागतात."

"कोण इचारतंय? लई शाना झालास व्हय! सोयरीक मोडंल."

"मोडू द्या."

मी प्रत्येक पत्रिकेवर एम.ए. खोडून बी.ए. लिहिलं. आजही तेच करीन.

पहिली पत्रिका पाचोडला मुलीकडं गेली. आठ दिवसांनी तिचा भाऊ निरोप घेऊन आला, "मॅट्रिक झालेली बहीण म्हणती, तुम्ही एम.ए.ला बसा, मी बी.ए.ला बसते."