राखणदाराचा नारळ

आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव खाडीत सोडून दिले, तेव्हापासून आमच्याकडे नारळ फुटतो तो फक्त खोबऱ्यासाठी. त्यामुळे माझी मैत्रीण दर रविवारी स्कूटरच्या डिकीत नारळ आणि अगरबत्तीचा पुडा कोंबायची, तेव्हा माझं डोकं फिरायचं. आम्ही फिरायला चाललोय की लग्नाचा मुहूर्त करायला, असं मी विचारायचे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मी मंडणगडच्या बाजूला शाळेत शिकवते, ती त्याच शाळेच्या ऑफिसात आहे. तिचा नवरा मुंबईला, पोरं पुण्याला. तिचं माहेर राजापुराकडचं. तिकडच्या माणसाला वाटतं की प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो. ओढा असो, कडा असो, त्याला सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. हातात नारळ धरून गाऱ्हाणं घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला सोबतच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सोबत मी एकटीच. मी काय म्हणते! मग गाऱ्हाणंही तीच घालायची आणि आवाज जाडा करून ‘व्हय म्हाराजा’ही तीच म्हणायची. दगड बरोबर आणल्यावर दुसरं काय करणार, असं वर मलाच सुनवायची.

हे फिरणं सुरू झालं आई गेल्यावर. आई बरीच वर्षं अंथरुणात होती. ती गेली तेव्हा मी रडले नाही, भांडत सुटले. एसटीच्या कंडक्टरशी, शेजाऱ्यांशी, दुधवाल्याशी. एकदा स्वयंपाकघरातल्या सगळ्या थाळ्या एकेक करून भिंतीवर आपटल्या. माझ्या दारात यायला माणसं घाबरायला लागली. ही मात्र एका रविवारी आली, चेमटलेल्या थाळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, “चप्पल घाल.” कुठे जायचं ते सांगितलंच नाही.

वर्षभर आम्ही ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. लोक निसर्गात शांती शोधायला जातात म्हणे. आमच्या वाट्याला ती कधी आली नाही. चिपळूणला वाशिष्ठीच्या काठावर डबा खात होतो, तर समोरच्या चिखलातून मगर उसळली आणि पाणी पीत उभं असलेलं कुत्रं तिने मानेला धरून आत ओढलं. कुत्र्याला केकाटायलाही मिळालं नाही. पाणी तांबडं झालं, मग पुन्हा नेहमीसारखं गढूळ. मी तिथेच ओकले. तिने माझी पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं, आणि मग माझ्या डब्यातली भाकरी स्वतः खाल्ली. वाया कशाला घालवायची, म्हणाली.

आंजर्ल्याला तर मारामारीच झाली. किनाऱ्यावर कासवांची अंडी पुरून ठेवली होती, भोवती जाळी लावली होती, आणि बाहेरगावचे चार टोणगे पिऊन वाळूत जीप गरागरा फिरवत होते. मी ओरडत गेले. एकाने उतरून माझा हात पिरगाळला. तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि जीपची काच फुटली. माझ्या मैत्रिणीने राखणदाराचा नारळ नेम धरून हाणला होता! दुसऱ्या हातात दगड घेऊन ती उभी होती, आणि शिमग्यातसुद्धा बायका देणार नाहीत अशा शिव्या देत होती. ते टोणगे गाडीत बसून पळाले. माझा हात कितीतरी दिवस काळानिळा होता, पण त्या संध्याकाळी आई गेल्यापासून पहिल्यांदा मी पोट धरून हसले. राखणदाराला आज फुटकी काच वाहिली, असं ती म्हणत होती.

मग तो गडावरचा रविवार. फाल्गुन होता, गवत वाळून कडकडीत झालेलं. वर कड्याच्या पोटाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो तिथला राखणदार. वारा सुटला होता, अगरबत्ती काही पेटेना. मी म्हटलं, राहू दे, तुझा राखणदार एक दिवस बिनवासाचा बसेल. पण ती कसली ऐकते! तिने नारळ सोलून शेंडी काढली, ती पेटवली आणि तिच्यावर अख्खा पुडा धरला. नारळाच्या काथ्याचं सोडण धुमसायला लागलं की केवढा धूर होतो, हे कोकणात पोराबाळांना ठाऊक असतं. तो धूर कड्याला चिकटून वर चढला. वर कपारीत आग्या माश्यांची पोळी लटकत होती. आम्ही दोघींनी मान वर करून बघितलंच नव्हतं.

आधी आवाज आला, आणि मग कड्यावरून काळं काहीतरी सुटून खाली कोसळलं. पहिली माशी माझ्या पापणीवर बसली. पुढच्या क्षणी मैत्रिणीचं तोंड मला दिसेना, नुसत्या माश्या. केसांत, कानांत, नाकात. ती किंचाळायला गेली तर तोंडात शिरल्या. मी बसायला आणलेली ताडपत्री तिच्यावर टाकली आणि तिला घेऊन उतारावरून अक्षरशः गडगडत खाली आले. गुडघे फुटले, कोपरं सोलली. मी हातांनी माश्या चिरडत होते, तिच्या गळ्यावरच्या, गालावरच्या, आणि त्यांना आयमाय काढून शिव्या घालत होते. माश्यांना शिव्या! पण गप्प राहणं मला जमलं नाही.

स्कूटरपाशी पोचलो तेव्हा त्या मागे राहिल्या होत्या. मी जरा श्वास घेतला आणि तिच्याकडे बघितलं. ओठ सुजून उलटे झालेले, गळा फुगलेला, आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज. मोबाईलला रेंज नाही. आसपास माणूस नाही. सरकारी दवाखाना घाटाखाली. मी तिला मागे बसवलं, तिच्या ओढणीने तिला माझ्या कमरेशी करकचून बांधलं आणि एका डोळ्याने गाडी हाणली. दुसरा डोळा सुजून मिटला होता.

तिचं डोकं माझ्या पाठीवर आपटत होतं. ती झोपली तर संपली, एवढंच माझ्या डोक्यात. मी ओरडले, “श्वास घे! घेतेयस ना? व्हय म्हण!”

मागून घोगरं आलं, “व्हय.”

मग मी थांबलेच नाही. तोंडाला येईल ते बोलत सुटले. मेलीस तर तुझ्या नवऱ्याला मी काय सांगू, व्हय म्हण. पुढच्या रविवारी कुठे जायचं ते तू ठरवायचंस, व्हय म्हण. तुझ्या शेंडीला आग लागो, तुझ्या त्या दगडाचं वाटोळं होवो, तू मात्र जगायचंस, व्हय म्हण. आणि प्रत्येक वेळी मागून ‘व्हय’ येत होतं, आधीपेक्षा बारीक. घाटात एक म्हैस आडवी आली, तिच्या शिंगाला आरसा लागून तुटला. मी थांबले नाही.

शेवटच्या वळणावर मी म्हटलं, मला दुसरं कुणी नाही, व्हय म्हण. मागून काही आलं नाही. पुन्हा म्हटलं. नाही आलं. मी रडत, बोंबलत, शिव्या घालत तशीच दवाखान्याच्या पायरीवर गाडी चढवली. गाठ सुटेना म्हणून नर्सने कात्रीने ओढणी कापली.

डॉक्टर तरुण होती. तिने मला बाहेर ढकललं, कारण मी इंजेक्शन लवकर दे म्हणून तिचा दंड धरून हलवत होते. दार लागलं. मी त्या दारावर मुठी मारल्या. मग भिंतीशी बसले आणि आईसाठी रडले नव्हते ते सगळं रडले. अंगात रुतलेले माश्यांचे काटे कुणीतरी काढत होतं, ते मला कळतही नव्हतं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली, थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती. आता श्वास घेतेय.

ती जगली. आवाज मात्र बसला तो बसलाच. घशातून नळी घातली होती, त्यानंतर जाडा आवाज तिला काढता येत नाही.

परवाच्या रविवारी ती दारात आली. चप्पल घाल, म्हणाली. डिकीत अगरबत्ती नव्हती, नारळ होता. आम्ही त्याच गडाच्या पायथ्याशी गेलो, वर चढायची दोघींची हिंमत नव्हती. तिने नारळ हातात घेतला. मला वाटलं, आता गडाकडे तोंड करणार. पण ती माझ्याकडे वळली.

“बाय माझे,” ती त्या फाटक्या आवाजात म्हणाली, “मगरीसमोर माझ्यासोबत बसलीस. आंजर्ल्याला माझ्या आधी धावलीस. ह्या वाटेवर मला पाठीला बांधून नेलंस. जसा ह्या वर्षी जीव राखलास, तसाच फुडं राख.”

आणि ती थांबली. दरवेळी इथे ती स्वतःच जाडा आवाज काढायची. या वेळी तो तिच्याकडे नव्हता. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

खरं तर हे गाऱ्हाणं मी घालायला हवं होतं. त्या रविवारी ती दारात आली नसती तर मी थाळ्यांच्या पुढे काय काय आपटलं असतं, कुणास ठाऊक. ज्याला देव नाही त्याने आभार कुणापुढे मानायचे, हे मला वर्षभर कळत नव्हतं. आता ती समोर उभी होती.

“व्हय,” मी म्हटलं.

“म्हाराजा?”

“ते म्हणणार नाही.”

“नको म्हणूस,” ती म्हणाली, आणि नारळ दगडावर आपटला.