कवडशाची भिंत

शिवजयंतीनंतरच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, लोहाऱ्याकडच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत चौथीच्या एकोणीस मुलांची आठ महिन्यांची मेहनत पुसून टाकण्यात आली. शाळेला सुट्टी, मुलं घरी. म्हणजे अडवायलासुद्धा कुणी नव्हतं. गुन्हेगार कोण ते सांगणार आहे, लपवणार नाही. पण आधी त्या मुलांच्या बाई, म्हणजे आमच्या थोरल्या आत्या, तुम्हाला कळायला हव्यात.

आमच्या थोरल्या आत्यांना जगातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही. सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली, पण उत्तर म्हणून त्यांनी कुणाला दिलेलं नाही. उन्हाळ्यात बेडूक कुठं जातात? "मला काय माहीत? बघा की." मीठ विरघळतं, मग वाळू का नाही? "मला काय माहीत? बघा की." एकदा एक पालक तणतणत शाळेत आले. "बाई, पोरगी इचारतीय दही कसं लागतं. म्या काय सांगू?" आत्या म्हणाल्या, "कायबी सांगू नका. एका वाटीत विरजण घाला, एकीत घालू नका, आन् सकाळी दोघं मिळून बघा." दुसऱ्या दिवशी तो माणूस दोन्ही वाट्या घेऊन हजर, आणि आता त्याचेच चार प्रश्न होते. धाराशिवहून एकदा त्या एसटीनं निघाल्या, मांडीवर काचेची बरणी, बरणीत रुईची फांदी आणि फांदीला लटकलेला कोश. कंडक्टरनं विचारलं, "बाई, ह्ये काय?" आत्या म्हणाल्या, "चौथीचा विद्यार्थी. तिकीट फाडू नका, उतरायच्या आत उडून जाईल." आणि कोश खरंच गाडीत फुटला. अर्धी गाडी बरणीभोवती. एक आजोबा तर आपलं गाव मागं टाकून पुढं आले. म्हणे, "पंख वाळल्याबिगर म्या उतरत न्हाय."

तर त्यांच्या वर्गाच्या पत्र्याला एक भोक आहे. पावसाळ्यात तिथून धार लागते, तेव्हा आत्या खाली बादली ठेवून मुलांना पाऊस मोजायला लावतात. भोक बुजवायला आलेल्या माणसाला त्यांनी शिडीवरून उतरवलं होतं. "बुजवलंस तर सूर्य वर्गात कुठनं यील रे?" त्या भोकातून भिंतीवर गोल कवडसा पडतो. जूनमध्ये आरती नावाच्या मुलीनं विचारलं, बाई, ह्यो रोज हितंच पडतो का? आत्यांचं उत्तर तुम्हाला आता पाठ झालं असेल. तेव्हापासून दर सोमवारी, बरोबर साडेदहाला, मुलं कवडशाभोवती कोळशानं खूण करू लागली. ढग असले तर दुसऱ्या दिवशी. खुणा सरकत सरकत खिडकीपर्यंत गेल्या. डिसेंबरअखेर कवडसा थबकला आणि जानेवारीत चक्क मागं फिरला. पोरं अशी किंचाळली की शेजारच्या वर्गाला वाटलं साप निघाला. मग सगळ्यांना एकच ध्यास लागला, हा जूनच्या पहिल्या खुणेवर परत येतो का?

आता गुन्हेगार. मी.

'शाळांच्या भिंती बोलक्या करा!' हे पत्रक मीच लिहिलं, मीच वाटलं, चौकात उभं राहून घसा फोडून वाचलं. त्या रविवारी पाचसात पोरं घेऊन शाळेची किल्ली मागून आणली तीही मीच. आत्यांना न सांगता, त्यांना खूश करायला! भिंतीवरचे काळे डाग बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गरिबाच्या शाळेची ही अवकळा? दोन हात पांढरा मारला, त्यावर गालात हसणारा पिवळाधमक सूर्य काढला आणि खाली तांबड्या अक्षरांत लिहिलं, 'निरीक्षण करा, शास्त्रज्ञ बना!'

सोमवारी वर्ग उघडला. मी टाळ्यांची वाट बघत दारात उभा. आरती भिंतीपाशी गेली, माझ्या सूर्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दादा, ह्यो हलत न्हाय. आमचा हलत हुता."

आत्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या चष्मा पुसत बसल्या. शेवटी मीच म्हणालो, "आत्या, चुकलो. पण निदान मुलांना सांगून तरी टाका, येतो ना परत पहिल्या खुणेवर?" त्यांनी चष्मा घातला. "मला काय माहीत? आता तूच बघ की." मग मुलांकडं वळल्या, "चला रे, कोळसा काढा. साडेदहा व्हायले." माझ्या सूर्याच्या गालावर नवी पहिली खूण झाली.

मेअखेर आत्या निवृत्त होतायत. कवडसा फिरून या खुणेवर यायला पुढची शिवजयंती उजाडेल, तोवर ती एकोणीस मुलंही दुसऱ्या शाळेत गेलेली असतील. दर सोमवारी साडेदहाला मी तिथं जाणार आहे, कोळसा घेऊन. तुमच्या गावातही शाळा आहे. तिथं उद्या कुणी रंगाचा डबा घेऊन आलं, अगदी मी आलो तरी, दारात आडवे उभे राहा. आणि आधी पोरांना विचारा, हा डाग कशाचा आहे?