पहिला पेला

विक्रोळीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या बाई रविवारी जेवणाआधी बुडबुड्यांची वाइन उघडतात आणि मलाही बोलावतात. बुडबुड्यांची फसफस ऐकायला पेला आधी कानाला लावतात, मग ओठाला. पहिला पेला नेहमी त्यांचाच.

मागे मी हट्टाने बूच उडवलं, ते पंख्याला लागलं आणि अर्धी वाइन भिंतीवर गेली. तेव्हापासून माझ्या हाती बाटली नाही. जन्मभर कारखान्यात लेथ मशीन चालवलेल्या माणसाने हे कसं सोसावं?

काल त्यांनीच बाटली पुढे केली. "घ्या भाऊ. बूच घट्ट धरा, बाटली फिरवा. पुन्हा उडवलंत तर यापुढे सरबतच मिळेल!"

मी सावकाश फिरवली. नुसतं फुस्स झालं, थेंब सांडला नाही.

बाईंनी वाइन ओतली. पहिला पेला माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला. आत टाळ्या वाजत होत्या, माझ्यासाठीच.