मुरमाच्या खदानीतली पिल्लं

ती खोटं बोलते हे मला पहिल्यांदा तिच्या बुटांवरून कळलं.

सेलूला आमचं कृषी केंद्र होतं, म्हणजे बी-बियाणं, खत आणि औषध. औषध म्हणजे पिकावरच्या किडीचं. पुढे दुकान, मागे घर, आणि वरती गच्चीला लागून एक खोली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कधीतरी ही पुण्याकडची पोरगी ती खोली भाड्याने मागायला आली. लांडग्यांवर अभ्यास करायचा आहे म्हणाली. लग्न झालेलं नाही, एकटी राहणार, आणि अभ्यास कशाचा तर लांडग्यांचा. माझे यजमान तोंडावर हो म्हणाले आणि आत येऊन मला म्हणाले, "ध्यान ठेवजो हिच्यावर." मला सांगायची गरज नव्हती. मी जन्माची संशयी आहे. दुधात पाणी किती आहे ते मी भांड्याच्या आवाजावरून सांगते.

पहाटे दुर्बीण घेऊन ती लुनावर निघायची आणि दुपारी परत यायची. येताना पिशवीत कागदाच्या पुड्या. एकदा सासूबाई गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेल्या आणि किंचाळतच खाली आल्या. पुड्यांमध्ये केस होते, हाडांचे तुकडे होते. "करणी करून राह्यली ते पोरगी! माह्या मिरच्याईजवळ!" मी वर गेले. ती निवांत बसून चिमट्याने केस वेगळे करत होती. ही लांडग्याची विष्ठा आहे, म्हणाली, त्याने काय खाल्लं ते यावरून कळतं. ससा, उंदीर, रानडुकराचं पिल्लू, कधी बकरी. सासूबाईंना मी समजावलं, पण त्यांनी त्या मिरच्या घरात घेतल्या नाहीत. सगळ्या दुकानातल्या गड्याला देऊन टाकल्या.

यजमानांचा संशय वेगळा होता. समोरच्या एसटीडी बूथवाल्याने त्यांना सांगितलं होतं की पोरगी फोनवर इंग्रजीत बोलते. मराठी येत असून इंग्रजीत बोलते म्हणजे काहीतरी लपवते, हा दोघांचा हिशेब. त्यात गावभर बोलणं सुरू झालं होतं की लांडगे सापडले की सरकार अभयारण्य करते आणि आजूबाजूच्या जमिनी जातात. आमची जमीन गावाबाहेर, शेजारच्या आंजी गावाच्या उलट्या बाजूला. अर्धी काळी आणि अर्धी बरड, म्हणजे खडकाळ, तिच्यात जुनी मुरमाची खदान. दुकान सासऱ्यांनी काढलेलं, जमीन त्याहून जुनी, यांच्या आजोबांची. ते रात्री झोपेतही जमिनीबद्दल बोलायचे.

मला मात्र ती आवडायला लागली होती, आणि याचाच मला राग यायचा. ती मला वहिनी म्हणायची. दुपारी चहाला बसली की लांडग्यांच्या गोष्टी सांगायची, शेजारणीच्या घरातल्या सांगाव्यात तशा. नर कसा लांबून पोटात मांस आणतो आणि पिल्लांसमोर ओकतो. माणसाची चाहूल लागली की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे कशी हलवते. "म्हणून मी लांबूनच बघते, वहिनी. एकदा जागा बदलली की मला सापडायची नाहीत. सगळं काम वाया." कुठे बघतेस, विचारलं तर म्हणायची, आंजीकडे.

आंजीकडे सगळी काळी माती. त्या रस्त्याने गेलेल्या माणसाच्या बुटाला काळा चिखल नाहीतर काळी धूळ. हिचे बूट दाराशी असायचे, त्यांच्या शिवणीत तांबडी धूळ. अशी धूळ आसपास एकाच ठिकाणी आहे, आमच्या खदानीत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याच घरात राहते, माझ्या हातचा चहा पिते आणि आमच्याच जमिनीबद्दल मला थाप मारते! पण मी यांना काही सांगितलं नाही. एका दुपारी शेतातून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणते म्हणून निघाले, तुरीच्या आडून खदानीच्या काठाशी गेले. पलीकडच्या भिंतीत बीळ होतं. बाहेर तांबड्या मातीत पिल्लं लोळत होती, मातकट, कान अजून नीट उभे न राहिलेले. एक दुसऱ्याचं शेपूट ओढत होतं. मी किती वेळ बघत राहिले कोणास ठाऊक. परत आले तेव्हा सांबार घ्यायचंच विसरले होते.

ती का खोटं बोलली ते मला तिथे कळलं. तिलाही आमच्यावर भरवसा नव्हता. आणि खरं सांगायचं तर का असावा?

संक्रांतीनंतरची गोष्ट. आमच्या दुकानात सासऱ्यांपासूनची एक पद्धत होती. कोणी औषध मागितलं की आधी विचारायचं, कोणत्या पिकाला? म्हणजे चुकीचं औषध जात नाही. गिऱ्हाईक आमदार असला तरी विचारायचं. त्या दिवशी मी गल्ल्यावर होते. हे गोदामातून बाहेर आले, हातात दाणेदार औषधाचा डबा, जहालातला जहाल, आणि डबा पिशवीत टाकला.

मी सवयीने विचारलं, "कोन्त्या पिकाले?"

"तुरीले," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

आमची तूर कापून खळ्यात पडली होती.

थोड्या वेळाने गडी खाटकाकडून मांसाची पुडी घेऊन आला. आमच्याकडे सासूबाई असताना मांस शिजत नाही. पुडी मागच्या परसात गेली. मी न राहवून म्हटलं, "कोनासाठी हाये?" हे म्हणाले, "तुले काय करायचं? उद्या सकाळी शेतात जातो मी. ते पोरगी आंजीले जातो म्हनते अन् आपल्या खदानीत बसते. मले काय दिसत नाई काय?" म्हणजे यांनीही बूट पाहिले होते. किंवा तिच्या मागे गेले होते.

तिला सांगावं असं आधी मनात आलं. पण तिने वन खात्याला कळवलं असतं, आणि माझ्या नवऱ्याच्या हातात बेड्या पडल्या असत्या. यांना अडवावं तर ते नाही म्हणाले असते आणि गुपचूप गेले असते. चिडून मी चूल लिंपत बसले. मग उठले, सासूबाईंना म्हटलं, सांबार आणते.

ऊन उतरलं होतं. ती पोरगी दुपारीच परत आलेली होती, खदानीजवळ कोणी नव्हतं. मी शेतातली लोखंडी बादली घेतली, विळा घेतला आणि खाली उतरले. बिळासमोर उभी राहून बादली बडवली. पिल्लं आत पळाली. मी बिळाभोवती फिरले, मुद्दाम पाय घासत. डोक्यावरचा जुना रुमाल काढून बिळाच्या तोंडात कोंबला, माणसाचा वास राहू दे म्हणून. वर बघितलं तर काठावर मादी उभी होती. ओरडली नाही, दात दाखवले नाहीत. नुसती बघत होती. मी तिला मोठ्याने म्हटलं, "ने माय, ने इथून. काऊन बघून राह्यली? ने!" आणि रडत रडत वर आले. या वेळी सांबार न विसरता खुडलं.

दुसऱ्या दिवशी हे शेतात गेले आणि पिशवी तशीच परत घेऊन आले. परसात खड्डा खणून सगळं पुरलं, वर दगड ठेवला.

मग ती पोरगी आली. चेहरा पांढराफटक. दारातच थांबली आणि खाली बघत राहिली. तिथे माझ्या चपला होत्या. त्यांच्या पट्ट्यात तांबडी धूळ बसली होती. आदल्या संध्याकाळी मी पाय धुतले होते, चपला धुतल्या नव्हत्या.

"वहिनी, तुम्ही गेला होतात तिथे?"

हे माझ्या मागेच गल्ल्यावर बसले होते. मी म्हटलं, "सांबार आनाले गेलती मी."

"बीळ रिकामं आहे. तिथे बाईच्या चपलांचे ठसे आहेत. बिळात तुमचा रुमाल होता." तिचा आवाज फुटला. "मी तुम्हाला सगळं सांगत होते."

सगळं? आंजीकडे जाते म्हणून सांगत होतीस, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. त्याच आठवड्यात तिने खोली सोडली. जाताना सासूबाईंच्या पाया पडली, माझ्याकडे पाठ होती. मला आजही तिचा राग येतो. एकदा तरी विचारायचं होतं, का म्हणून. मी सांगितलं नसतं ते खरं, पण विचारायचं होतं. राग येतो आणि तिची आठवणही येते, दोन्ही सारखंच.

यांनी मला काही विचारलं नाही. तिने ठशांचं विचारलं त्या संध्याकाळी जेवताना फक्त वरणातल्या सांबाराकडे बघितलं. बाजारातली जुडी घरात आधीच होती, आणि तीही त्यांनीच आणलेली. त्यांना कळलं होतं. आम्ही दोघं पुढे कित्येक दिवस एकमेकांकडे चोरासारखे बघत होतो.

चैत्रात आंजीकडचा एक शेतकरी दुकानात आला. त्याला तोच दाणेदार औषधाचा डबा पाहिजे होता. मी विचारलं, "कोन्त्या पिकाले?"

"पीक कायचं, बाई! लांडगे आले आमच्या नाल्यात. पिल्लं घेऊन फिरून राह्यले."

माझ्या हातातलं मोजायचं माप खाली पडलं. जगली होती. मी काही बोलायच्या आत मागून हे म्हणाले, "संपलं ते औषध. आता येनार नाई."

शेतकऱ्याने यांच्या डोक्यावरच्या फळीकडे बघितलं. तिथे डबे ओळीने लावलेले होते. यांनीही वर बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा म्हणाले, "संपलं म्हनलं ना भाऊ."

तो पुटपुटत गेला. हे लांडग्यांसाठी म्हणाले, माझ्यासाठी म्हणाले, की पोलिसांच्या भीतीने म्हणाले, याचा मला अजून संशय आहे. मी त्यांना विचारलं नाही. खाली पडलेलं माप त्यांनीच उचलून माझ्या हातात दिलं.