माझ्या बांगड्यांची वैरीण

आमच्या नणंदबाईंना कोणाचाही आवाज सहन होत नसे, आणि माझा तर मुळीच नाही. डब्याचं झाकण वाजलं, चपलेखाली वाळकं पान चुरगळलं, कोणी खोकलं, की अक्का मान वळवायच्या. बोलायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. ते बघणं मी अकरा वर्षं सोसलं. मला त्या आवडत नव्हत्या हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणी मला चांगुलपणाचं सर्टिफिकेट द्यायला नको.

आदिलाबादकडच्या इंद्रवेल्लीत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तिशीच्या आत विधवा होऊन माहेरी आल्या आणि घराच्या मालकीण होऊन बसल्या. वर्षभर दुकान बघायच्या. पण होळीच्या आसपास पळस फुलला, मोहाची फुलं गळायला लागली, की त्यांचं दुकानात लक्ष लागत नसे. मग एका रविवारी उजाडता उजाडता आम्ही घरचे आणि ह्यांचे दोन-तीन दोस्त बायकापोरांसकट जीप करून नार्नूरच्या बाजूच्या टेकड्यांकडे निघायचो. लोक सणावाराला देवाला जातात, आम्ही अस्वल बघायला जायचो.

नियम सगळे अक्कांचे. भडक साडी नको, गजरा नको, वासाचं तेल नको, डब्यात तळलेलं काही नको. "जनावराले तुमच्या आंधी तुमचा वास भेटते," असं त्या म्हणायच्या. ह्यांच्या एका दोस्तानं एकदा शर्टावर सेंट मारला होता. त्याला त्यांनी वाटेतल्या नाल्यावर शर्ट धुवायला लावला आणि तो बापडा ओल्या शर्टानं दिवसभर हिंडला. आमच्या ह्यांना तर बहिणीचं त्यात केवढं कौतुक.

टेकडीच्या मध्यावर एक सपाट खडक आहे. तिथून अर्धा तास उतरलं की झरा, आणि झऱ्यावरच्या मोहाखाली सकाळी फुलं खायला अस्वल येतं. खडकापाशी अक्का एकेकाला नजरेनं तपासायच्या आणि शेवटी माझ्यापुढे येऊन उभ्या राहायच्या.

"शोभा, तुह्या बांगड्या वाजून राह्यल्या. काढून ठेव, नाई तर इथंच बस."

पहिल्या वर्षी मला वाटलं, थट्टा असेल. मग अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे नवा चुडा भरतानासुद्धा एक जुनी बांगडी हातात ठेवतात, मनगट क्षणभर रिकामं ठेवत नाहीत. आणि ही बाई, नवरा माझ्या शेजारी धडधाकट उभा असताना, चारचौघांत मला हातातली काच उतरवायला सांगते. तेही कोण, तर जिच्या स्वतःच्या हातात काही नाही ती. मी म्हणाले, "मी बसते." आणि बसले. अकरा फाल्गुन त्या खडकावर डबे राखत, माकडं हाकलत बसले.

मला बघायचं नव्हतं असं नाही. परत आले की हे हातवारे करून सांगायचे, आई पुढे चालते आणि दोन पिल्लं तिच्या पाठीवर केस धरून बसलेली असतात. मला ती अस्वलीण एकदा तरी बघायची होती, आणि अक्का बघू देत नव्हत्या. आमचं भांडण एवढंच होतं. एका वर्षी मी बोललेच, "अक्का, माझा संसार तुमच्या डोळ्यांत खुपतो."

"मले तुह्या संसाराशी का करायचं हाये?" त्या म्हणाल्या. "मले अस्वल पायजे." आणि खाली उतरून गेल्या.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, हे गेले. छातीत दुखतं म्हणाले, आदिलाबादच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्या दिवशी भावकीतल्या बायका जमल्या. एका चुलत सासूनं माझं मनगट धरलं आणि दुसरीला दगड आणायला सांगितलं. तेवढ्यात अक्का आत आल्या आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"तिच्या हाताले हात लावू नका."

"काऊन वं? रीत हाये ते," चुलत सासू म्हणाल्या.

"मले रीत नका सांगू. माह्या येळी चौघीनं धरलं होतं मले. कोनी आडवं आलं नाई."

बायका उठून गेल्या. बांगड्या हातात राहिल्या. मी अक्कांचे आभार मानले नाहीत. खरं सांगायचं तर मला रागच आला. ज्या बाईचा मी अकरा वर्षं मनापासून दुस्वास केला, तिनं तोही मला धड करू दिला नाही.

त्या फाल्गुनात त्यांनी मला जीपमध्ये बसवलं. वर्ष व्हायच्या आत ही जंगलात निघाली, असं गाव बोललं. बोलू दिलं. खडकापाशी मी सवयीनं डब्यांजवळ बसले. अक्कांनी भाकरी बांधलेलं धुडकं सोडलं, फाडून त्याचे दोन तुकडे केले आणि माझ्या दोन्ही हातांच्या बांगड्यांवरून घट्ट गुंडाळले.

"हे अकरा वर्षांआधी सुचलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"सुचलं होतं," गाठ मारता मारता त्या म्हणाल्या. "पर तवा मले त्यायचा आवाज सोसे ना."

म्हणजे अस्वलाचं नुसतं निमित्त होतं. माझी अकरा वर्षं गेली, ती मी अजून माफ केलेली नाहीत. पण त्या सकाळी मी खाली गेले. मोहाखाली अस्वलीण फुलं फुरफुर ओढून खात होती. पाठीवर दोन पिल्लं होती, ह्यांनी सांगितलं होतं तशीच. मी रडले, तोंडात पदर धरून. अक्कांनी मान वळवली नाही.

आता अक्कांचे गुडघे गेलेत, डोळ्यांनाही नीट दिसत नाही. खडकापर्यंत कच्चा रस्ता झालाय, तिथवर जीप जाते. डबे राखायला त्या बसतात आणि बांगड्यांना फडकी बांधून मी सगळ्यांना खाली नेते. परत चढताना खडक जवळ आला की फडकी सोडते आणि हात हलवते, म्हणजे जनावर नाही, मी आहे, हे त्यांना कळावं.

"किती वाजवून राह्यली वं," वरून त्या ओरडतात.

मी आणखी वाजवते.