मधुकरराव अन् कामठीच्या व्हॅनचा धूर

"सकाई उठल्याबरोबर पयले काय करतं, थे सांग."

"चहा पेतो, काका."

"तुह्या पोटात काय जाते थे नाही विचारून राहिलो गा! गाडीसंगं काय करतं?"

मधुकरराव मिस्त्री बाजेवर बसूनच विचारत होते. कामठी रोडच्या कडेला टिनाखाली त्यांचं गॅरेज. समोर गोविंदाची वीस वर्षांची पांढरी व्हॅन चालू होती, अन् सायलेन्सरमधून असा निळा धूर सुटला होता, की शेजारचा पानठेलेवाला दुपट्ट्यानं नाक दाबून पान लावत होता.

गोविंदा कामठीचा. अर्धी जिंदगी पॉवरलूमवर काढली. लूम बंद पडला तेव्हा ही जुनी व्हॅन घेतली अन् साड्यांचे गठ्ठे गांधीबागेच्या कापडबाजारात पोचवू लागला. मागच्या हप्त्यात तिथल्या शेटनं एक गठ्ठा परत पाठवला. साड्यांना जळक्या तेलाचा वास येत होता. आज तीन वाजता दुसरा माल भरायचा होता. त्यालाही वास लागला तर काम दुसऱ्या गाडीवाल्याला, हे शेटनं तोंडावर सांगितलं होतं. दोन गॅरेजवाल्यांनी धुराचा रंग पाहून एकच निकाल दिला होता: तेल अडवणाऱ्या पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला, पंधरा दिवस गाडी ठेवा. पंधरा दिवस गाडी उभी राहिली, तरी काम जाणारच होतं.

"काका, सीट उचलून इंजिन तं पाहा," संगं आलेली गोविंदाची बायको जया म्हणाली.

"पाहतो वं. इंजिन कुठी पळून नाही चाललं. पयले ड्रायव्हर पाहू दे."

ही त्यांची जुनी रीत. रामटेककडच्या धानाच्या बांधांवर डिझेल पंप दुरुस्त करता करता ते शिकले. पंप बिघडला, की मालक हमखास म्हणायचा, आपण तं हातच नाही लावला. तेव्हापासून ते मालकाला विचारतात कमी अन् करून दाखवायला लावतात जास्त. जीभ मात्र फाटकी. चांगलं गिऱ्हाईक चिडून उठून जातं, ते जाऊ देतात.

"बंद कर गाडी. समज, सकाय झाली. चाल, रोज करतं तसं कर."

गोविंदा कुरकुरत उतरला. सीट उचलली, मागून डबा काढला, इंजिनाचं झाकण फिरवलं अन् वाटीभर तेल ओतायला वाकला.

"थांब! रोज टाकतं?"

"रोज. एक वाटी. धूर दिसाले लागला तवापासून दोन."

"कोनं सांगतलं तुले?"

"सांगाले कायले पायजे? लूमले रोज तेल द्याच लागते."

"मी म्हणतच होती, एवढं तेल जाते कुठी," जया म्हणाली.

"म्हणत होती, अन् डबा कोन आणून देत होती?" गोविंदा उसळला.

मधुकररावांनी तेल मोजायची पट्टी ओढली. वरच्या खुणेच्या पार चार बोटं वर ती तेलानं माखली होती. दोन गॅरेजं फिरून आलेल्या गाडीची ही पट्टी कोणी काढूनच पाहिली नव्हती.

"लूमचं तेल गळून जाते गा, म्हणून रोज द्या लागते. इथचं आतच फिरते. जागा उरली नाही, का वर चढते अन् पेट्रोलसंगं जळते. थोच हा धूर. धूर दिसला, का तू आखीन पाजतं. पेलेल्या माणसाले आखीन पाजल्यावानी!"

"मंग रिंगा?" गोविंदानं हळूच विचारलं.

"थे आता नाही सांगत. तेल उतरू दे."

त्यांनी खाली घमेलं ठेवून नट सैल केला, काळं तेल खुणेपर्यंत उतरवलं, तेलानं चिंब झालेला एअर फिल्टर बदलला. गाडी चालू केली, तर धूर पहिल्यापेक्षा जास्त. गोविंदा ती बंद करायला धावला.

"राहू दे. सायलेन्सरात साचलं थे जळून राहिलं. चाल, फिरवून आणू."

जयाचा धुतलेला दुपट्टा त्यांनी मागून घेतला, गठ्ठे ठेवतात तिथं अंथरला अन् स्वतः शेजारी बसून मागच्या काचेला डोळे लावले. गोविंदानं चांगला अर्धा तास गाडी पळवली. धूर पातळ होत गेला. परतताना पुलाच्या चढावर ते ओरडले, "दाब आता, पुरा दाब!" रिंगा साफ गेल्या असत्या, तर इथं धुराचा लोट उठला असता. मागचा स्कूटरवाला तोंड उघडं टाकून आरामात येत होता.

गॅरेजात उतरल्यावर त्यांनी दुपट्टा जयापुढं धरला. "हुंग वं."

तिनं एक टोक हुंगलं, मग दुसरं. "साबनाचाच वास येते, काका."

"मंग भर माल. पण रिंगा काई नव्या नाही झाल्या गा. हप्त्यानं ये, पट्टी पाहू. अन् तोवर डब्याले हात लावला, तं माह्या दारात येऊ नको."

"नाही लावत, काका."

"तुह्यावर भरोसा नाही. जया, डबा तू लपव."

अडीच वाजले होते. गोविंदानं व्हॅन कामठीकडे वळवली. मधुकररावांनी जेवणाच्या डब्यातली भाकर उभ्या उभ्याच संपवली, हात पायजम्याला पुसले अन् क्लचची तार तुटलेल्या शेअर ऑटोखाली पाठीवर सरकत गेले.