काउंटरवरची नर्सबाई

“पाह्य, हे दीदी बी तुह्यासारखीच खेड्यातून आली असन. आता पाह्य कशी कोट घालून बसली आहे.”

सिहोऱ्याकडून आलेला एक बाप नर्सिंग कॉलेजच्या काउंटरसमोर आपल्या मुलीला हळू आवाजात सांगत होता. मी मागच्या खुर्चीवर साध्या कपड्यांत बसले होते. धाकट्या बहिणीच्या प्रवेशाची चौकशी, हे माझं निमित्त. काउंटरवरच्या मुलीनं ते ऐकलं. मान वर केली नाही, पण पांढऱ्या कोटाचं वरचं बटण लावून घेतलं. पोलिसाची वर्दी उतरवून मला काही वर्षं झाली. का उतरवली ते इथं लिहिणार नाही. ती सकाळ मात्र अजून मनातून गेलेली नाही.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात नवी उपनिरीक्षक होते. गोंदिया वेगळा झाल्यानंतरची ती वर्षं. मुलीला शिकायला नागपूरला ठेवायचं तर घरचे दहादा विचार करायचे. त्यामुळे मोहाडी तालुक्यात ‘नर्सिंग कॉलेज’ असा फलक लागला, तेव्हा तो खराच असावा असं सगळ्यांना वाटलं. वाटावं अशी इच्छाच होती.

खबर मिळाली ती एका खाजगी दवाखान्यात. अपघातातल्या जखमीचा जबाब घेऊन मी निघाले होते, तर तिथल्या मोठ्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, त्या कॉलेजच्या पोरी सर्टिफिकेट घेऊन येतात. त्याच्यावर नर्सची नोंदणीच होत नाही. मले परत पाठवावं लागते. लय वाईट वाटते.”

मी ठाणेदारांना सांगितलं. ते म्हणाले, “तक्रार करणारी कोण आहे? हवेवर गुन्हा दाखल करू काय?” मग हसून म्हणाले, “अन् चौकशीले गेल्यावर जरा तोंड उघडत जा, मॅडम. तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये बोलणं मना होतं काय?”

चूक नव्हती त्यांची. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकले. इकडची बोली सगळी समजायची, जिभेवर यायची नाही. म्हणून मी कमीच बोलायचे. त्या कॉलेजातून शिकून गेलेल्या दोन मुली मी शोधल्या. एकीनं दारातूनच परत पाठवलं. दुसरी म्हणाली, “सासरी नर्स म्हणूनच सांगितलं आहे, मॅडम. मले यात नका ओढू.”

शेवटी त्या सकाळी मीच कॉलेज पाहायला गेले. काउंटरवरच्या मुलीनं मला आणि त्या बापलेकीला प्रॅक्टिकलची खोली दाखवली. चार खाटा होत्या. चादरींवर दुकानातल्या घड्या तशाच. सरावासाठी ठेवलेल्या बाहुलीच्या तोंडावरचं प्लास्टिकही कुणी काढलं नव्हतं. प्रॅक्टिकल कोणत्या दवाखान्यात होतं, असं मी विचारलं. “टायअप आहे.” नोंदणी? “प्रोसेसमध्ये आहे.” मागच्या मुली कुठं लागल्या? तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं यशस्वी विद्यार्थिनींचे फोटो होते. दुसऱ्या ओळीत तिचाच फोटो होता, खाली ‘नामांकित रुग्णालयात कार्यरत’. मी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सिहोऱ्याची ती मुलगी खाटेच्या लोखंडी दांडीवरून हळूच हात फिरवत होती. “परिवारात विचार करून या, काका,” काउंटरवरची मुलगी त्या बापाला म्हणाली. घाई करा, असं म्हणाली नाही.

आजही ओळखीचे लोक विचारतात, असं कॉलेज कसं पारखायचं. मी सांगते, इमारत आणि माहितीपुस्तक बाजूला ठेवा. तिथून शिकून गेलेल्या एका मुलीला गाठा आणि ती सध्या दिवसभर काय करते ते पाहा.

सुटीच्या वेळी मी तिला बाहेर गाठून ओळखपत्र दाखवलं. ती घाबरली नाही, थकल्यासारखी दिसली. “नोकरी कुठंच लागली नाही, मॅडम. सरांनी इथं बसवलं. कोट तं घालायले मिळते, म्हणून थांबली.” जबाब देशील का, असं विचारल्यावर म्हणाली, “ठाण्यात येऊन देतो. घरी नका येऊ. गावात मले नर्सबाई म्हणतात.”

मी ठाणेदारांकडे गेले. त्यांनी ऐकलं नाही. “बाईचा जबाब तिच्या राहत्या घरीच. उद्या वकील म्हणन, ठाण्यात बसवून लिहून घेतला.” तिच्या भल्यासाठी केलेला नियमच तिच्या आड आला.

पुढे त्या जबाबावर गुन्हा दाखल झाला, बाकीच्या मुलीही बोलल्या, फलक उतरला. मला मात्र तपास म्हटलं की तिच्या घरची दुपार आठवते.

मी साध्या कपड्यांतच गेले होते. तिच्या आईनं चहा दिला. भिंतीवर कोटातला फोटो होता, कॉलेजात होता तोच. “आमच्या घरात हेच शिकली,” आई म्हणाली. “मी तं चिखलात धानाची रोवणी करण्यातच जन्म काढला. तुमी हिच्या दवाखान्यातल्या काय?”

मी कागद काढून मांडीवर ठेवले. मुलगी जमिनीकडे पाहत बसली. दुसरा अधिकारी असता तर त्यानं प्रश्न विचारले असते. माझ्या तोंडून एकही निघेना. आईच्या त्या बोलण्यातलं कौतुक ऐकून मला नागपूरचं घर आठवलं. माझ्याबद्दल असं कुणी, कुठल्या ओसरीत, कधी बोललं असेल का? खरं बोलायला लावणं म्हणजे समोरच्याकडून काय काय काढून घेणं असतं, ते मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. तिथं बसून ते कळत होतं, आणि कागद मिटून निघून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारची म्हातारी बाई आत आली आणि मुलीसमोर बसून तिनं हात पुढे केला. “नर्सबाई, सकाळपासून डोकं गरगरून राहिलं. बीपी पाहून दे बाई. मागं बी तू उद्या पाहतो म्हणाली होती.”

मुलीनं तिचं मनगट हातात घेतलं. नाडीवर बोटं ठेवली, अगदी फोटोतल्या नर्ससारखी. मग तो हात तिनं म्हातारीच्या मांडीवर परत ठेवला आणि आईकडे न पाहता बोलली,

“काकी, मले बीपी पाहता येत नाही. दवाखान्यात दाखवून ये. मले कोणी शिकवलंच नाही.”